कोकण किनाऱ्यावरील खासगी नौकाप्रवास आणि आंग्रेकालीन दस्तक

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील कोकण किनाऱ्याचा इतिहास बहुधा आरमारी लढायांच्या अंगाने लिहिला गेला आहे. स्वतःच्या मालकीच्या नौकेतून माल वा कुटुंब घेऊन किनाऱ्याने जाणाऱ्या माणसाचा प्रवास त्यात क्वचितच येतो. कान्होजी आंग्रे आणि मुंबईकर इंग्रज यांच्या वैराचे मूळ मात्र या प्रवासाच्या नियमनातच शोधावे लागते.

हा मार्ग किनारा धरून जाणारा होता. पावसाळा सरल्यावर गलबते बाहेर पडत. पहाटेचे मतलई वारे आणि दुपारनंतरचे खारे वारे यांच्या आधाराने अंतर कापीत. भर समुद्रात दूर न जाणाऱ्या अशा नौकांना विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा व खांदेरी हे दुर्ग चुकविणे कठीण होते. खांदेरी तर मुंबई बंदराच्या तोंडाशीच. हे दुर्ग ज्याच्या ताब्यात, त्याच्या नजरेखालूनच प्रत्येक शिबाड जाणार, हे उघड होते.

या स्थितीतून दस्तकाची पद्धत बळावली. शुल्क भरून परवाना घ्यावा. तो नसल्यास नौका व माल जप्त व्हावा. ही कल्पना कान्होजींची नव्हे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच ‘कार्ताझ’ नावाने ती या किनाऱ्यावर लादली होती, आणि इंग्रजही व्यापाऱ्यांना आपले परवाने देत असत. गोंदियासारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हा विषय जकातीच्या उदाहरणाने सहज समजतो. फरक एवढाच की येथे नाका पाण्यावर होता आणि तो कोणाचा, हाच वाद होता.

नोव्हेंबर १७१२ मधील घटना या दृष्टीने बोलकी आहे. मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची सशस्त्र यॉट आणि ‘ॲन’ नावाची छोटी नौका कारवार–मुंबई मार्गावर असता आंग्र्यांच्या आरमाराने त्यांना गाठले. कारवार वखारीचा अधिकारी टॉमस चाऊन चकमकीत मारला गेला. त्याची तरुण पत्नी कॅथरीन कैद होऊन कुलाब्यास नेली गेली व ३०,००० रुपये खंडणी घेऊन फेब्रुवारी १७१३ मध्ये सोडण्यात आली. इंग्रजी लेखनात ही कथा करुण रसाने रंगविली जाते. तरुण विधवेचे दुःख खरेच होते; परंतु ती नौका कंपनीची की गव्हर्नरच्या खासगी सोयीची, हा प्रश्न त्या रंगात बुडून जातो.

वस्तुतः सारा तंटा मालकीचा होता. कंपनीच्या नोकरांना आशियातील बंदरांदरम्यान खासगी व्यापाराची मुभा होती. तुटपुंज्या पगारापेक्षा त्यांचे लक्ष त्यातील नफ्याकडेच अधिक असे. हिंदी व्यापाऱ्यांचा मालही इंग्रजी निशाणाखाली जाई. १७१३ च्या समेटात कान्होजींनी इंग्रजांच्या जहाजांना उपद्रव न देण्याचे मान्य केले; इंग्रजांखेरीज इतरांच्या जहाजांना इंग्रजी निशाण देऊ नये, ही त्याची दुसरी बाजू होती. इंग्रजांचे जहाज नेमके कोणते, यावरच हा समेट पुढे मोडला. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या साह्याने कुलाब्यावर चाल झाली. दोन्ही मोहिमा फसल्या.

कान्होजींना ‘चाचा’ म्हणणे हे त्या तंट्यातील एका पक्षाचे मत होते. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील आपल्या १९२८ च्या ग्रंथात या आरोपाचा परामर्श घेतला आहे. तथापि प्रत्युत्तरादाखल दस्तकाला निर्मळ राजनीती ठरविणेही योग्य नव्हे. जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज आणि आंग्रे अशा चार सत्तांच्या पाण्यातून एकच गलबत नेणाऱ्या व्यापाऱ्यावर चौघांचेही दडपण होते, आणि एकाचा कागद दुसऱ्याने मानावाच असा नियम नव्हता.

१७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी संगनमत करून वॉटसन व क्लाईव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तेथील आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. पाण्यावरचा नाका मात्र उठला नाही. त्यावरचे निशाण तेवढे बदलले.