स्पॅनिशमधील आत्मवाचक क्रियापदे

क्रियेचे फळ कर्त्यावरच येत असेल, तर स्पॅनिशमध्ये क्रियापदासोबत कर्त्याच्या पुरुष-वचनाप्रमाणे बदलणारे एक लहान सर्वनाम योजतात. अशा क्रियापदास आत्मवाचक क्रियापद म्हणतात. शब्दकोशात त्याच्या मूळ रूपाच्या शेवटी ‘से’ असते : ‘लाबार’ म्हणजे दुसरे काही धुणे, तर ‘लाबार्से’ म्हणजे स्वतःचे अंग किंवा हात-तोंड धुणे. चालवलेल्या रूपात हे सर्वनाम क्रियापदाच्या आधी येते (मे लाबो, ते लाबास, से लाबा, नोस लाबामोस, ओस लाबाइस, से लाबान). यांतील ‘ओस’ मुख्यतः स्पेनमध्ये चालते, लॅटिन अमेरिकेत अनेकवचनी ‘तुम्ही’साठीही ‘से’च वापरतात. होकारार्थी आज्ञेत सर्वनाम क्रियापदाच्या शेवटी चिकटते आणि नकारार्थी आज्ञेत पुन्हा आधी जाते, म्हणून ‘ऊठ’ याला ‘लेबान्ताते’, पण ‘उठू नकोस’ याला ‘नो ते लेबान्तेस’.

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामिया येथे स्पॅनिश शिकवली जाते. स्पेन सरकारची ‘इन्स्तितुतो सेर्वांतेस’ ही संस्था २००९ पासून तेथे कार्यरत आहे, आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विषयांतही या भाषेचा समावेश आहे. दिनचर्या सांगण्याचा पाठ प्राथमिक पातळीवरच येत असल्याने ही क्रियापदे विद्यार्थ्यापुढे फार लवकर येतात. राजधानी परिसरातील मराठी विद्यार्थ्याला त्यांचे स्पष्टीकरण बहुधा इंग्रजीतून मिळते आणि तेथेच अकारण अडचण उभी राहते. इंग्रजीत हात कोणाचे हे सांगावे लागते, त्यामुळे विद्यार्थी ‘लाबो मिस मानोस’ अशी रचना करतो. स्पॅनिशमध्ये मात्र ‘मे लाबो लास मानोस’ म्हणतात, म्हणजे हातांमागे ‘माझे’ लागत नाही. मराठी माणूसही ‘मी हात धुतो’ एवढेच म्हणतो. घरातील भाषेचा हा आधार अध्यापनात सहसा घेतला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण वेगळी आहे. मराठीत ‘उठणे’, ‘बसणे’, ‘निजणे’ ही अकर्मक क्रियापदे मूळची असून त्यांना प्रत्यय लावून ‘उठवणे’, ‘बसवणे’, ‘निजवणे’ ही प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करवणारी, रूपे साधली जातात. स्पॅनिश नेमकी उलट्या दिशेने जाते : ‘लेबान्तार’ (उचलणे, उठवणे), ‘सेन्तार’ (बसवणे) आणि ‘आकोस्तार’ (निजवणे) ही सकर्मक रूपे मूळची, आणि ‘से’ जोडल्यावर त्यांचा अर्थ उठणे, बसणे, निजणे असा होतो. यामुळे सहाला उठतो असे सांगताना विद्यार्थी केवळ ‘लेबान्तो आ लास सेइस’ म्हणाला, तर ऐकणारा त्याने सहा वाजता काय उचलले हे ऐकण्यासाठी थांबतो. बरोबर वाक्य ‘मे लेबान्तो आ लास सेइस’ असे आहे. ‘अंघोळ घालणे’ आणि ‘अंघोळ करणे’ यांतील भेद ‘बान्यार’ आणि ‘बान्यार्से’ या जोडीत तंतोतंत उतरतो, त्यामुळे आरंभ याच जोडीने करावा. क्रियाफळ कर्त्याकडे जाते की अन्यत्र, यावरून रूप बदलण्याची कल्पना संस्कृत जाणणाऱ्यांना नवी नाही. स्वतःसाठी यज्ञ करणारा यजमान ‘यजते’ आणि त्याच्यासाठी यज्ञ करणारा ऋत्विज ‘यजति’, हा आत्मनेपद-परस्मैपदाचा भेद पाणिनीने नोंदवला आहे.

तथापि ‘से’ दिसला की क्रिया स्वतःवरच होते, असे मानता येत नाही. ‘केहार्से’ (तक्रार करणे) आणि ‘आरेपेन्तीर्से’ (पश्चात्ताप होणे) ही क्रियापदे सर्वनामावाचून वापरलीच जात नाहीत, आणि अशा सर्वांना मिळून स्पॅनिश व्याकरणात ‘प्रोनोमिनाल’, म्हणजे सर्वनामयुक्त, असे व्यापक नाव आहे. काही जोड्यांत सर्वनामाने अर्थाची छटा बदलते, आणि तेथे मराठीची संयुक्त क्रियापदे विशेष उपयोगी पडतात : ‘इर’ म्हणजे जाणे, ‘इर्से’ म्हणजे निघून जाणे; ‘कोमेर’ म्हणजे खाणे, ‘कोमेर्से’ म्हणजे खाऊन टाकणे; ‘दोर्मीर’ म्हणजे झोपणे, ‘दोर्मीर्से’ म्हणजे झोप लागणे. अनेकवचनात हेच सर्वनाम परस्परतेचाही अर्थ देते, जसे ‘से एस्क्रिबेन’, ते एकमेकांना लिहितात. नकळत घडलेल्या गोष्टीसाठी ‘से मे कायो एल बासो’ अशी रचना येते, जिच्यात पेला हा कर्ता असून बोलणारा ‘मे’ या सर्वनामाने केवळ संबंधित म्हणून दाखवला जातो. ‘माझ्या हातून पेला पडला’ या मराठी वाक्यातही दोष पत्करण्याची हीच सौम्य रीत आहे.