‘ग’ म्हणजे गळा

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली रिकामी केली तेव्हा माळ्यावरून दोन वस्तू निघाल्या. एक बेंजो, तारा गंजलेल्या. दुसरी बापाची वही.

मित्रांनो, बेंजो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जयंतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी येणार. तेच ते वाद्य. कागदोपत्री नाव बुलबुल तरंग. जपानात नागोयाच्या गोरो मोरिता नावाच्या माणसानं १९१२ साली लाकडी पेटीवर तारा ताणून टाइपरायटरसारखी बटणं बसवली, त्याचं हे भावंड. खरा बँजो वेगळा. तो अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी घडवला. आपल्या पेटीला त्याचं नुस्तं नाव चिकटलं. पण नाव चुकीच्या घरी गेलं असं काही मला वाटत नाही.

माझ्या आज्याच्या हातात हलगी होती. हौस नव्हती, गावकी होती. लग्न त्यांचं, देव त्यांचा, हलगी आपली. १९२७ च्या महाडनंतर आपल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं टाकलं, तसं दुसऱ्याच्या दारात हलगी बडवणंही टाकलं. वतनं कायद्यानं गेली ती पार १९५८ ला. सतार-वीणेच्या घराण्यांत आम्हाला कोण घेणार होतं? बेंजोला घराणंच नव्हतं. कुणाच्या पायरीशी बसावं लागत नव्हतं. भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी १९३० नंतरच्या काळात तमाशातली गौळण काढून तिथं बाबासाहेबांचा विचार उभा केला होता. त्या वाटेनं पुढं चाळीचाळीत गायन पार्ट्या निघाल्या. असल्याच एका पार्टीत बाप बेंजो वाजवायचा. दिवसा गिरणी, रात्री गाणं.

वहीत तारीख एकाही पानावर नाही. पण प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर चाल लिहिलेली. ‘चाल – रतन’. ‘चाल – नागिन’. म्हणजे सिनेमाची नावं. रतन १९४४ चा, नागिन १९५४ चा. पहिलं गाणं १९४४ च्या आधीचं असूच शकत नाही, दुसरं १९५४ च्या आधीचं नाही. नंतर कितीही. एवढी एक बाजू तरी पक्की बांधता येते. आपल्या घरोघरच्या वह्या अशा वाचता येतील, काढा त्या खाली. उंदीर काय वाट बघत नाहीत.

शब्द लागले, साल लागलं, अडलं ते वाद्याशी. पहिल्याच पानावर ओळ होती :

तारा का २. ग का ४. साथ ग. उ प.

‘का २’ म्हणजे पेटीची काळी दोन, हे कुणीही सांगेल. खाली नुस्ते आकडे, बटणांचे. मी शिकलेला माणूस. काळी दोन षड्ज धरला. ‘ग’ म्हणजे गंधार. आता काळी दोनचा गंधार येतो पांढरी पाचवर, आणि बापानं लिहिलीय काळी चार. म्हटलं, म्हातारा एका पट्टीनं चुकला. मी पेन्सिलीनं ‘का ४’ खोडून ‘पां ५’ केलं. ‘उ प’ला तर मी बरेच दिवस उत्तर प्रदेश समजत होतो. वाटलं, तिकडं कार्यक्रम झाला असेल!

नव्या तारा चढवून वाजवलं. आकड्यांप्रमाणं चाल बरोबर निघाली, पण साथीच्या तारा तिच्याशी भांडायला लागल्या. एका गायन-मास्तरांना वही दाखवली. त्यांनी दोन पानं उलटली आणि ‘ही काही स्वरलिपी नव्हे’ म्हणून परत दिली.

शेवटी बापाच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्या काकांकडं गेलो. नजर गेलेली. मी ओळ वाचून दाखवली, ते हसायलाच लागले.

“आरं, ग म्हंजे गळा. गाणाऱ्याचा गळा काळी चार. साथ गळ्याबरूबर लावायची. उ प म्हंजे उघडी तार पंचम.”

झालं. उघडी तार काळी दोन, तो षड्ज नव्हेच, काळी चारचा खालचा पंचम. तिथून बटणं मोजत जा, षड्ज येतो पाचव्या बटणावर. म्हणून प्रत्येक गाणं पाचावर येऊन थांबत होतं. ते मला पानोपानी दिसत होतं आणि तरी चूक बापाची धरली होती. बापानं षड्ज असा मधे का ठेवला, तर गाणाऱ्याला खाली उतरायला जागा राहावी म्हणून. पोथीतला षड्ज बाजूला, आधी गाणाऱ्याचा गळा.

साथीच्या तारा काळी चारला लावल्या. भांडण मिटलं. पेन्सिलीचं ‘पां ५’ मी खोडलेलं नाही. राहू दे तसंच.

एक पान अजून उरलंय. नागिनच्या चालीवरच्या गाण्यानंतर आणि मदर इंडियाच्या, म्हणजे १९५७ च्या सिनेमाच्या, चालीआधी. पानभर काही नाही, मधोमध दोनच शब्द : ‘तारा उतरवल्या’. मला लगेच ६ डिसेंबर १९५६ आठवला. काकांना विचारलं. ते खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्या दिसांत कुणी वाजवलं न्हाई, ह्ये खरं. पन पावसाळ्यात बी आमी तारा उतरवायचो. गंज धरतो.”

दोन्ही लिहून ठेवलं, वहीच्या शेवटच्या पानावर. पेन्सिलीनंच.