सिंहाचा वाटा

बिबवेवाडीतल्या एखाद्या सोसायटीच्या सभेत माजी अध्यक्षांचा सत्कार होतो, तेव्हा 'इमारतीच्या उभारणीत यांचा सिंहाचा वाटा आहे' हे वाक्य आलेच म्हणून समजा. टाळ्याही पडतात. खरे तर माजी अध्यक्षांनी उठून भांडायला हवे!

कारण मूळ कथेतला सिंह काही देत नाही. रोमन कवी फिड्रसने सांगितलेल्या इसापकथेत गाय, शेळी, मेंढी आणि सिंह मिळून शिकार करतात. चार वाटे पडतात. पहिला सिंह म्हणून, दुसरा शूर म्हणून, तिसरा बलवान म्हणून आणि चौथ्याला हात लावेल त्याची खैर नाही. म्हणजे सगळेच त्याचे. पुढे इंग्रजीत या शब्दप्रयोगाची धार उतरली आणि 'सर्वात मोठा हिस्सा' एवढाच अर्थ रूढ झाला. पण तो बहुधा घेतलेला हिस्सा.

इसाप मराठीत छापून आला तो एकोणिसाव्या शतकात. 1828 सालची सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' शाळाशाळांतून वाचली गेली. मराठीने मात्र सिंहाला दानशूर केले. घेण्याचा वाटा देण्याचा झाला, बहुधा शेजारच्या 'खारीच्या वाट्या'च्या संगतीने. सेतूसाठी वाळू वाहणारी ती खार वाल्मीकि रामायणात नाही, लोककथेत आहे. खारीने थोडे दिले, तर सिंहाने भरपूर दिलेच असणार, असा हा हिशेब!

'घोटाळ्यात त्याचा सिंहाचा वाटा होता' असे कुणी म्हटले, की मूळचा लुटारू सिंह तेवढ्यापुरता परत येतो.