धक्का कोणी सोसायचा?
मोटारीच्या विम्याची गोष्ट

वर्धा जिल्ह्यातून आज तीन मोठे रस्ते जातात. नागपूर-हैदराबाद महामार्ग जाम आणि हिंगणघाटवरून दक्षिणेकडे जातो. नागपूर-अमरावती महामार्ग कारंजा (घाडगे) आणि तळेगाववरून पश्चिमेकडे जातो. तिसरा समृद्धी महामार्ग. तो सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. या तिसऱ्या रस्त्यावर मोटारीला ताशी १२० कि.मी. वेगाची परवानगी आहे. त्यावरून एखादी बुटकी, रुंद स्पोर्ट्स कार सुसाट गेली की मुले तिची किंमत विचारतात. आपण दुसरा प्रश्न विचारू. ती धडकली तर तो धक्का कोण सोसणार? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला अभियंत्यांना आणि कायदेपंडितांना जवळजवळ शंभर वर्षे लागली.

चेपण्यासाठी बनवलेली मोटार

धावत्या मोटारीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ६० ऐवजी १२० कि.मी. वेग असेल तर ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. मोटार थांबताना ही ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. पूर्वी समजूत अशी होती की मोटार जितकी भक्कम, तितकी ती सुरक्षित. ही समजूत बेला बारेनी या अभियंत्याने मोडली. मर्सिडीज कंपनीत काम करणाऱ्या बारेनीला १९५२ मध्ये एक पेटंट मिळाले. माणसे बसतात तो मधला भाग कडक ठेवायचा आणि पुढचा व मागचा भाग मुद्दाम चेपणारा करायचा, अशी त्याची कल्पना होती. १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष मोटारीत उतरली.

यामागचे गणित वर्गात फळ्यावर करता येईल. ताशी ५४ कि.मी. म्हणजे सेकंदाला १५ मीटर. या वेगाने भिंतीवर आदळलेली मोटार १० से.मी. अंतरात थांबली तर सरासरी मंदन सेकंदाला सेकंदाला ११२५ मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ११५ पट येते. पुढचा भाग अर्धा मीटर चेपला तर तेच मंदन सुमारे २३ पटींवर येते. पट्टा लावलेला माणूस यातून वाचू शकतो. मोटारीने स्वतःचे नाक मोडून आतल्या माणसाचा धक्का सोसला, असे आपण म्हणू शकतो.

अर्थात या सोसण्याला मर्यादा आहे. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री वर्धा जिल्ह्यातच सेलसुरा येथील पुलावरून मोटार खाली कोसळली आणि वैद्यकीय शाखेचे सात विद्यार्थी दगावले. पुढचा भाग कितीही चेपला, तरी जिरवता येणारी ऊर्जा ठरावीकच असते.

गॅरेजमधला तक्ता

जी मोटार चेपण्यासाठी बनवली तिची दुरुस्ती महाग पडणार, हे ओघानेच आले. पोलादी पत्र्याचा पोचा ठोकून काढता येतो. स्पोर्ट्स कारमध्ये वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियम आणि कार्बन तंतू वापरतात. ॲल्युमिनियम सरळ करायला वेगळी हत्यारे आणि वेगळे कसब लागते. कार्बन तंतूच्या भागाला पोचा पडत नाही, तडा जातो. त्यामुळे बहुधा सगळा भागच बदलावा लागतो. एअरबॅग तर एकदा फुगली की संपली.

हे बिल विमा कंपनीने किती द्यायचे, याची रीत भारतात हळूहळू ठरत गेली. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले आणि १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. दर आणि अटी एका समितीने ठरवायच्या, अशी पद्धत होती. २००२ च्या दरपत्रकातला घसाऱ्याचा तक्ता गॅरेजवाल्यांना तोंडपाठ असे. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काही नाही. धातूचे भाग वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत शून्य आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के. गोव्यात बनलेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी मोटारीचे अंग फायबरचे होते. तिचा मालक या तक्त्यात बरोबर ३० टक्क्यांच्या ओळीत येई.

समजा, तीन वर्षे चार महिने वयाच्या मोटारीचे बॉनेट ४०,००० रुपये, प्लॅस्टिकचा बंपर ३०,०००, काच २०,००० आणि मजुरी १०,००० असे एक लाखाचे बिल झाले. या वयाला धातूवर घसारा २५ टक्के. म्हणून बॉनेटचे १०,००० आणि बंपरचे १५,००० मालकाच्या खिशातून जातील. शिवाय मोठ्या इंजिनाच्या मोटारीला २,००० रुपयांची सक्तीची वजावट होती. कंपनी ७३,००० देईल. दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर ती मोटार पूर्ण नुकसान म्हणून धरायची. म्हणूनच गॅरेजने मोटार उघडण्याआधी सर्व्हेयरने ती पाहिलेली असावी लागते.

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचे दर खुले झाले. त्याआधीच खासगी कंपन्या परतल्या होत्या. त्यांतल्या एकीचे मूळ वर्ध्याच्या घराण्यात आहे. जमनालाल बजाज यांना दत्तक घेणाऱ्या वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या नावाने १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली आणि तीच पुढे बजाज ऑटो झाली. २००१ मध्ये याच उद्योगसमूहाने एका जर्मन कंपनीच्या भागीदारीत वाहनविमाही सुरू केला.

रस्त्यावरच्या माणसाचे काय?

आतापर्यंतचा सगळा हिशेब मोटारीचा आणि तिच्या आत बसलेल्यांचा झाला. पण धक्का बाहेरच्यालाही बसतो. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मेली. चौकशीत ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय झाला. पुढे मोटारी वाढल्या तसे एक कोडे वारंवार पुढे येऊ लागले. जखमी माणूस खटला जिंकतो, पण मोटारवाल्याकडे द्यायला पैसे नसतात. मग तो जिंकला काय आणि हरला काय, सारखेच.

यावरचा उपाय असा की, मोटार रस्त्यावर आणायची तर दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा आधी काढायचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ मध्ये आणि ब्रिटनने १९३० च्या कायद्याने ही सक्ती केली. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती आली, पण ते प्रकरण अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. वर्धा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते.

सक्ती आली तरी पैसे मिळवायला दिवाणी दावा लावावा लागे. १९५६ च्या दुरुस्तीने यासाठी खास न्यायाधिकरणे नेमण्याची सोय केली. वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयातही असे न्यायाधिकरण चालते. तरीही चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावाच लागे, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट सांगितले. पळून गेलेल्या ट्रकचा निष्काळजीपणा विधवेने कसा सिद्ध करायचा? अखेर १९८२ मध्ये चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० रुपये देण्याची तरतूद झाली. १९८८ च्या नव्या कायद्यात ते २५,००० झाले आणि १९९४ मध्ये ५०,०००. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२२ पासून, ही रक्कम पाच लाख आहे. वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून दोन लाख मिळतात.

माणसाचा हिशेब

बॉनेटचा तक्ता आहे, तसा माणसाचाही एक तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घालून दिला आणि २०१७ मध्ये त्यात भर घातली. समजा, वर्षाला दीड लाख मिळवणारा ३८ वर्षांचा शेतकरी दुचाकीवरून जाताना मोटारीच्या धडकेने गेला. पुढे वाढू शकणाऱ्या उत्पन्नाचे ४० टक्के मिळवले की २,१०,००० होतात. घरी चार जण अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करायचा. उरले १,५७,५००. या वयाचा गुणक १५. म्हणून २३,६२,५०० रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेंसाठी ठरावीक रकमा. हा आकडा पाहून वाईट वाटते, आणि ते साहजिक आहे. पण तक्ता नव्हता तेव्हा सारख्याच दोन घरांना फार वेगवेगळे पैसे मिळत.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे मोटारीच्या धडकेने दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर आहे. या मोटारीची कायम नोंदणी १,७५८ रुपये शुल्क न भरल्याने राहिली होती, असे परिवहन खात्याने सांगितले. त्या प्रकरणाचा न्याय न्यायालये करतील. नियम मात्र आपल्याला माहीत हवा. परवाना नसलेल्याच्या हाती मोटार दिली, तर तिच्या दुरुस्तीचे पैसे मालकाला मिळत नाहीत. रस्त्यावरच्या माणसाला मात्र विमा कंपनीने आधी भरपाई द्यायची आणि मग ती मालकाकडून वसूल करायची, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दाखवला आहे.

आपल्याकडे बहुतेकांना विमा म्हणजे डेंटिंग-पेंटिंगचे पैसे असे वाटते. कायद्याने सक्ती केली आहे ती नेमकी उलट भागाची. आपली गाडी आपण दुरुस्त करा अथवा करू नका, दुसऱ्याची भरपाई झालीच पाहिजे. विमा संपलेल्या दुचाकीने एखाद्या मजुराला उडवले तर वरचा २३ लाखांसारखा आकडा थेट मालकावर येतो, मग तो मालक शिक्षक का असेना.

तेव्हा विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. घरातल्या वाहनाच्या विम्याचा कागद आणून त्यातली शेवटची तारीख वाचायची, आणि ‘थर्ड पार्टी’ व ‘स्वतःचे नुकसान’ यांचे हप्ते वेगवेगळे लिहून काढायचे. ही तारीख उलटून गेलेले कागद वर्गात किती निघतात, ते मोजावे. आपल्या स्वतःच्या गाडीचा कागदही त्यात असावा.