दगडू, धोंडू आणि नकुशी

हल्ली बारशाच्या पत्रिकांवर जुनी नावं पुन्हा दिसू लागली आहेत. रघुनाथ, माधव, केशव ही आजोबा-पणजोबांची नावं तरुण आईबापांना आवडू लागली आहेत. पण त्याच पिढीतली दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावं मात्र कुणी उचलत नाही. पणजोबांचं नाव दगडू होतं, तेच ठेवू या, असं कुणी म्हणालं तर घरात हशा पिकतो. आज आम्ही या हसू आणणाऱ्या नावांबद्दल बोलणार आहोत. कारण त्यांच्या मागे हसण्यासारखं फार थोडं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या दर पाच मुलांमागे साधारण एक मूल पहिल्या वाढदिवसाआधीच जायचं. देवी, हगवण, धनुर्वात, ताप, कारणं अनेक होती. आईच्या हातात उपाय मात्र एकही नव्हता. दोन-तीन मुलं पाठोपाठ गेली की घरातल्या बाया ठरवायच्या, कुणाची तरी दृष्ट आहे. मग पुढचं मूल लपवायचं. ते कुठे लपवणार? तर नावात! बाळाला क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलायचं आणि नाव ठेवायचं उकिरडा किंवा केरू. नाहीतर शेजारणीच्या ओटीत घालून मूठभर धान्य देऊन परत मागून आणायचं, की झाला भिकू. ज्याचं नाव केर, त्याच्याकडे यम कशाला बघेल? आणि दगडू म्हणजे दगडासारखा टिकून राहा, बाबा.

याच भीतीतून नथू आला. मुलाचं नाक टोचायचं, म्हणजे मुलगी समजून मृत्यू त्याला सोडून जाईल. मैत्रिणींनो, हा हिशेब जरा थांबून ऐका. मुलगी मृत्यूलासुद्धा नको असणार, हे त्यात धरूनच चाललं होतं.

अशी सगळीच नावं भीतीपोटी पडली असं नाही. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. त्या महिन्यात जन्मलेला मुलगा पुष्कळ घरांत धोंडू व्हायचा. आणि अशा नावांनी कुणाचं काही अडलंही नाही. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, हे एकोणिसाव्या शतकातले मोठे गणिती आणि लोकमान्य टिळकांचे गुरू. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली स्वतः एका विधवेशी लग्न केलं, १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ उभारलं. शंभराव्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळालं. पुण्यात दगडूशेठच्या गणपतीपुढे हात जोडताना तर कुणालाच ‘दगडू’ या नावाचं हसू येत नाही.

पण या नावांना आणखी एक वाट होती आणि ती आईच्या ओटीतून येत नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलं आहे, की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं आणि शूद्राचं नाव तिरस्कार दाखवणारं. दलित वस्तीतल्या आईनं मुलाला चांगलं नाव दिलं तरी गाव त्याची मोडतोड करून हाक मारायचं. ‘जी’ आणि ‘राव’ एका आळीत, ‘या’ दुसऱ्या आळीत. दगडूशेठही दगडूच आणि दगड्याही दगडूच, फरक हाक मारणाऱ्याच्या तोंडात. दया पवार यांचं मूळ नाव दगडू. १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’मध्ये शिकलेला दया पवार आपल्यातल्याच दगडूशी बोलतो आणि त्या नावाबरोबर काय काय सोसावं लागलं ते सांगतो.

आता मुलींकडे येऊ. त्यांनाही वाईट अर्थाची नावं मिळाली, नकुशी किंवा नकोशी. वरवर पाहिलं तर दगडू आणि नकुशी एकाच जातीची नावं वाटतात. पण दगडू म्हणजे ‘हा जगू दे’ आणि नकुशी म्हणजे ‘आता पुन्हा मुलगी नको’. एक नाव मुलाला धरून ठेवण्यासाठी, दुसरं मुलीची वाट बंद करण्यासाठी. ही फार जुनी गोष्ट नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात २००हून अधिक नकुशींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्यातल्या बऱ्याच शाळकरी मुली होत्या.

आज काळ बदलला आहे. २०२०च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावली. १६ही जास्तच, पण लसी, दवाखान्यातलं बाळंतपण आणि आशाताईंच्या फेऱ्या यांमुळे मुलाला नावामागे लपवायची गरज उरली नाही. म्हणून जुनं नाव घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त आधी घरातल्या थोरल्या बाईला दोन गोष्टी विचारा. हे नाव पणजोबांना कुणी दिलं, आणि त्यांच्याआधी किती पाळणे रिकामे झाले होते? उत्तर वहीत लिहून ठेवा. मग नाव दगडू ठेवा नाहीतर माधव.

घाई करू नका. जन्माची नोंद वेळेत करा. बाळाचं नाव मात्र त्या नोंदीपासून १२ महिन्यांत फुकट घालता येतं आणि पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून.

आणि एक. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. उकिरड्यावरून दगडूला उचलून घेणाऱ्या त्या पणजीचं नाव मात्र दगडूच्या नावापुढे कधी लागलं नाही. ते तुमच्या घरात कुणाला आठवत असेल, तर वहीच्या त्याच पानावर तेही लिहा.