सुटे भाग, जोडणी आणि रचना : क्वाडकॉप्टर बांधणाऱ्यांसाठी प्रस्तावना

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. देशातला विमानांचा हा पहिला कारखाना. त्याची सुरुवात जोडणीने झाली. अमेरिकेहून हार्लो या प्रशिक्षण विमानाचे भाग आले, ते इथल्या कामगारांनी जोडले आणि 1941 मध्ये विमान उडाले. पुढे 1951 मध्ये याच कारखान्याचे एचटी-2 हे भारतीय रचनेचे विमान आकाशात गेले. त्याची रचना विष्णू माधव घाटगे यांची. गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकलेला हा माणूस. जोडणीपासून रचनेपर्यंतची ही वाट दहा वर्षांत चालून झाली.

या पुस्तकाला जे सांगायचे आहे ते एवढेच : जोडणी ही रचनेची शाळा आहे. 'भाग तर बाहेरून आणलेत, तुम्ही काय केलंत?' असे विचारणारे भेटतात. प्रत्येक भाग तिथे का आहे, तेवढाच का आहे आणि तो बदलला तर काय होईल, याचे उत्तर जोडणाऱ्याकडे असेल तर त्याने पुष्कळ केले आहे.

क्वाडकॉप्टरची, म्हणजे चार पंख्यांच्या यंत्राची, कल्पना जुनी आहे. 1907 मध्ये फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि शार्ल रिशे यांच्या यंत्राने एका माणसाला जमिनीवरून जरासे उचलले, पण चारी बाजूंनी माणसांनी धरून ठेवल्याशिवाय ते स्थिर राहीना. 1924 मध्ये एतिएन ओमिशेन यांनी चार मुख्य पंख्यांच्या यंत्रातून एक किलोमीटरची फेरी पूर्ण केली. तरीही ही जात मागे पडली, कारण क्षणोक्षणी तोल सावरणे माणसाच्या हातांना झेपणारे नव्हते. मोबाइल फोनमुळे जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सिलरोमीटर नखाएवढ्या चिपवर आणि स्वस्तात मिळू लागले, तेव्हा ही अडचण सुटली. आजचा फ्लाइट कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा कल मोजतो आणि चारही मोटरींचा वेग दुरुस्त करत राहतो. त्याच्यात चालणारे अर्डूपायलट किंवा बीटाफ्लाइट हे सॉफ्टवेअर सर्वांना खुले आहे. हवे तर त्यातली ओळन् ओळ वाचता येते.

यंत्राचे अंग थोडके आहे. एक फ्रेम, चार ब्रशलेस मोटरी, त्यांचा वेग ठरवणारे चार ईएससी, चार पंखे, फ्लाइट कंट्रोलर, रिसीव्हर आणि लिपो बॅटरी. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पंखे एका दिशेने फिरतात, उरलेले दोन उलट. त्यामुळे फिरण्याचे झटके एकमेकांना खोडतात. एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा तेवढाच कमी केला की यंत्र जागच्या जागी वळते. सुकाणू नाही, पंख्याची पाती कलवणारी यंत्रणा नाही. सगळा कारभार वेगावर चालतो.

आता गणित सोलापूरच्या हवेत करून पाहू. दहा इंची पंख्यांचे आपले यंत्र 1.2 किलोचे धरा. हवेत नुसते तरंगायला प्रत्येक मोटरीने 300 ग्रॅम उचलले पाहिजे. वाऱ्याशी झगडायला तिची कुवत याच्या दुप्पट तरी हवी. तरंगायला सिद्धान्ताप्रमाणे साधारण 60 वॉट लागतात, प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून थोडे जास्त. तीन सेलच्या 2200 मिलिअँपिअर-अवर बॅटरीत सुमारे 24 वॉट-तास असतात आणि त्यातला पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा असतो. म्हणजे उड्डाण नऊ-एक मिनिटांचे. पण हे शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे आणि मे महिन्यात पारा 43 अंशांवर जातो. त्या दुपारी हवेची घनता समुद्रकाठच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा 13 टक्क्यांच्या आसपास कमी भरते, आणि तेवढेच वजन तोलायला सात-आठ टक्के जास्त शक्ती लागते. त्यात बॅटरी आणि ईएससी आधीच तापलेले. म्हणून इथल्या उन्हाळ्यात सकाळी लवकर उडवावे, आणि उतरल्यावर बॅटरी निवल्याखेरीज चार्जिंगला लावू नये.

या शहरात यंत्रमाग चालवणारे, मोटरी रिवाइंड करणारे, पंप दुरुस्त करणारे हात आहेत. त्या हातांना फेज, कॉइल, बेअरिंग समजावून सांगावे लागत नाही. नवख्यांना मात्र एक सवय आधी लावून घ्यायला सांगतो. पहिल्यांदा वीज देताना बॅटरीच्या लाल तारेत गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब मालिकेत जोडा. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला किंवा मंद राहिला, तर ठीक. भगभगून पेटून राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच तार काढा आणि जोड तपासा. दोन-तीनशे रुपयेही न लागणारी ही तजवीज हजारोंचे बोर्ड वाचवते. आणि सेटिंग पूर्ण होईपर्यंत पंखे मोटरीवर चढवायचेच नाहीत. दहा इंची पंखा बोट कापतो, यात अतिशयोक्ती नाही.

कायदाही या विद्येचाच भाग आहे. ड्रोन नियम ऑगस्ट 2021 मध्ये आले. 250 ग्रॅमपर्यंतचे यंत्र नॅनो, तिथून दोन किलोपर्यंतचे मायक्रो. आपले यंत्र मायक्रो ठरते. फेब्रुवारी 2022 मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांची आयात खुली राहिली. घरच्या बांधणीचे महत्त्व त्यामुळे वाढले. आपला विमानतळ होटगी रस्त्यावर, शहराला लागूनच आहे, आणि 2025 मध्ये तिथून प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाली आहे. चालू विमानतळापासून पाच ते आठ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच परवानगी लागते; आठ ते बारा किलोमीटरमध्ये 60 मीटरपर्यंतच मोकळीक आहे. म्हणून गच्चीवरून उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा पाहा आणि नोंदणीचे नियम वाचा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला तर यंत्र नेऊच नका. त्या माळावर पहिला हक्क पाखरांचा.

पुढची प्रकरणे एका बैठकीत वाचण्यासाठी नाहीत. प्रत्येक प्रकरणानंतर टेबलावर बसा, मोजा आणि वहीत लिहा : वजन किती, करंट किती, उड्डाण किती मिनिटे. मग एकच गोष्ट बदला, पंख्याचा आकार किंवा फ्रेमच्या हातांची लांबी, आणि पुन्हा मोजा. या मापांचे एकमेकांशी असलेले नाते वहीत स्पष्ट दिसू लागले की दुकानातली फ्रेम बाजूला ठेवा. डाळिंबाच्या बागेवर कॅमेरा न्यायचा आहे की शाळेच्या मैदानात मुलांना शिकवायचे आहे, हे ठरवून तुमची फ्रेम तुम्हीच काढा. पहिले क्वाडकॉप्टर या पुस्तकाप्रमाणे जोडा. दुसरे तुमच्या वहीप्रमाणे.