ठाणे जिल्ह्यातील राब

कल्याण, मुरबाड, शहापूर या तालुक्यांत भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची, म्हणजे राबाची, जी पुरातन वहिवाट आहे, तिच्यात एक ऋतुज्ञान दडलेले आहे. कारण पानगळीपूर्वी वृक्ष पानांतील नत्र व स्फुरद पुष्कळसे खोडात ओढून घेतो, आणि कुणबी तर ऐनाच्या झाडाची कवळ, म्हणजे पाल्यासह डहाळ्या, हिवाळ्यात, पान हिरवे असतानाच, तोडून ठेवी. उन्हाळ्यात शेण, कवळ, गवत आणि वर बारीक माती असे थर रचून, आग धुमसत राहावी म्हणून, वाऱ्याच्या उलट अंगाने विस्तव लावीत. नत्र बहुतांशी धुराबरोबर जाते, पालाश व स्फुरद राखेत उरते. शिवाय आचेने मातीच पालटते, याचाही विचार पुण्याचे कृषिरसायनज्ञ डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी केला.

१८७८ च्या जंगल कायद्यानंतर कवळतोडीवर निर्बंध आले आणि रयतेच्या अर्जांचा पाऊस पडला. १८८५ साली सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या चौकशीसाठी जंगल कमिशन नेमावे लागले. राब म्हणजे निव्वळ नासाडी, असे म्हणणाऱ्या जंगलखात्याच्या साहेबांना चिखलात रोप लावायचे नव्हते, हे उघडच आहे. भातखाचराला जोडून दिलेल्या वरकस, म्हणजे हलक्या माळ-उताराच्या, जमिनीतील झाडांवर मालकी खातेदाराची की सरकारची, हाच त्या तंट्यातील कळीचा मुद्दा होता.